घशाची सूज

हेमांगीचा कंगवा खांद्याशीच अडला. वर्षभर नीट चालणारा हात पुन्हा वर जाईना.

डॉक्टर सबनीसांनी घसा पाहिला. "टॉन्सिलची सूज उतरलीय. आम्ही तिथे लावलेल्या पेशी तुमच्या स्नायूंचं औषध बनवतात, पण त्या सुजेवरच जगतात. घशाला काही घेतलंत का?"

"नाही."

शेजारी बसलेल्या आईने पदर सारखा केला. "मी चहात ज्येष्ठमध घालत होते. गिळताना हिचे डोळे भरायचे, मला बघवेना."

डॉक्टरांनी नव्या पेशी लावल्या आणि घसा पुन्हा सुजवायला सांगितलं.

संध्याकाळी आईने कोपऱ्यावरून बर्फाचा गोळा आणला. लहानपणी याच गोळ्याने घसा सुजला म्हणून हेमांगीने तिचा मार खाल्ला होता. लेकीला हात उचलवत नव्हता, म्हणून आईनेच गोळा तिच्या तोंडाशी धरला.