उसन्या खुर्च्या

कॉलेजची फी एकाच मुलीला माफ होणार होती. अर्ज केलेल्यांची परिस्थिती बघायला साहेब घरोघरी येणार होते. आमच्या आईला गरिबीपेक्षा ती दिसण्याचीच लाज जास्त. "साहेबांना काय जमिनीवर बसवायचं?"

शेजारच्या मावशी देवासारख्या धावून आल्या. त्यांनी स्वतःच्या खुर्च्या, टेबलफॅन, पडदे, कपबशा, सगळं आणून मांडलं. "परत द्यायची घाई करू नकोस गं," म्हणाल्या.

साहेबांनी फॅनच्या वाऱ्यात चहा घेतला, "घर छान ठेवलंय" म्हणाले आणि उठले. आईला कोण आनंद!



मग साहेबांनी शेजारचं दार वाजवलं. मावशींचा आवाज आला, "या साहेब. लेकीच्या अर्जासाठी ना? जमिनीवरच बसावं लागेल हो, घरात साधी खुर्चीसुद्धा नाही."