ही मराठी नव्हे

"आणखी एकदा बोला, बाई," अधिकारी म्हणाला.

कलाबाईने पदराला चिकटलेला कापूस बोटांनी वेचून काढला. वेचणी सोडून ती सकाळपासून शाळेच्या ओसरीवर रांगेत उभी होती. "किती डाव बोलू जी? आमी मराठीच त बोलून राह्यलो. माह्या घरचं पोट्टं पाळण्यात रडते, तेबी मराठीतच रडून राह्यलं."

रांगेत हशा पिकला. अधिकारीही हसला. मग त्याने कारकुनाला खूण केली, आणि कारकुनाने तिच्या नावापुढे शून्य लिहिलं.

नागपूर दुसऱ्या राज्यात गेल्याला महिना होत आला होता. सौंसरचा हा मुलूख नकाशातल्या रेषेच्या अलीकडे राहिला होता, आणि अलीकडच्या गावांना आपली भाषा सिद्ध करायची होती. प्रत्येकाने पडताळणी अधिकाऱ्यासमोर बोलायचं. दहा माणसं मराठी ठरली, तर गावची शाळा मराठी राहणार होती. कलाबाई एकशे बेचाळिसावी. तक्त्यावर तेवढीच शून्यं एकाखाली एक उभी होती, उघड्या राहिलेल्या तोंडांसारखी.

रघुनाथराव गुरुजींना राहवलं नाही. या शाळेत बावीस वर्षं त्यांनी मराठी शिकवली होती. "हा अन्याय आहे," ते म्हणाले. "ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत."

"'बोलून राह्यलो'. 'बोल रहे हैं'." अधिकाऱ्याने दोन्ही एकाच सुरात उच्चारलं. "ही मराठी आहे?"

"आहे. ही इथली मराठी आहे."

अधिकाऱ्याने टेबलाखालून वह्यांचा गठ्ठा वर घेतला. शाळेच्याच कपाटातल्या जुन्या वह्या. त्याने वरची वही उघडून गुरुजींपुढे सरकवली. कोण्या लेकराने मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : आई भाकर करून राहिली. त्याखाली तांबड्या शाईची सरळ रेघ होती. रेघेखाली शेरा होता : ही मराठी नव्हे. शेऱ्याखाली रघुनाथरावांची सही.

"मी परका माणूस, गुरुजी. गावात भाषा जाणणारे तुम्ही एकटे. निकाल तुमचाच आहे, मी तो फक्त तक्त्यात उतरवला. हे शेरे लिहायला तुम्हांला कोणी भाग पाडलं होतं?"

रघुनाथराव उत्तर शोधू लागले. एखादं परिपत्रक, एखादा खडूस तपासनीस, वरून आलेला एखादा हुकूम. स्मृतीच्या सगळ्या खोल्या त्यांनी धुंडाळल्या. त्यांचा हात धरून लिहविणारं कुठेच कोणी नव्हतं. पुस्तकातली ती दूरची, इस्त्री केलेली भाषा त्यांना आवडली होती. तांबडी रेघ ओढताना दर वेळी आपण या काळ्या मातीपासून बोटभर वर उचलले जातो, असं त्यांना वाटलं होतं. प्रत्येक रेघेच्या वेळी ते मोकळे होते. आता सोसवत नव्हतं ते हेच.

"कोणी नाही," ते म्हणाले.

वह्यांचा गठ्ठा पुन्हा बांधला गेला. "तुमची स्वतःची काळजी नको," अधिकारी म्हणाला आणि त्याने तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे रघुनाथरावांच्या नावापुढे सुबक अक्षरात 'एक' लिहिलेला होता. "भाषा मराठी ठरली, की नागपूरकडे बदली मागता येते. तिथे सुखाने मराठी शिकवा. फक्त नियमापुरतं एक वाक्य बोला. कुठे जाणार, तेवढं सांगा."

"जा न गुरुजी," दाराशी टेकलेली कलाबाई म्हणाली. "तुमची मराठी तिकडंच चालते. आमी काय, आमी मुकेच बरे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. शेजारच्याला बसची वेळ सांगावी, तसं ती बोलली.

मी नागपूरला जात आहे. वाक्य तयार होतं. कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, कुठे डाग नाही. सबंध आयुष्यभर ते जणू याच वाक्याची तयारी करत आले होते. आणि आताही त्यांची जीभ कोणी धरलेली नव्हती.

"मी कुठंच नाही जाऊन राह्यलो," रघुनाथराव म्हणाले.

शब्द जिभेवर अवघडले. जिभेला त्यांची सवय उरली नव्हती. ओसरीवर या वेळी कोणी हसलं नाही. कारकुनाने मान वर केली.

"गुरुजी, चुकलात तुम्ही." अधिकाऱ्याच्या आवाजात खरीच काळजी होती. "पुन्हा सांगा. मी थांबतो."

"चुकलो नाही जी. जसं बोलून राह्यलो तसंच लिहा."

अधिकारी खरंच थांबला. मग त्याने कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं आणि तक्त्याच्या तळाचा तो 'एक' खोडून तिथे शून्य लिहिलं. गावात मराठी बोलणारं आता कोणीच उरलं नव्हतं.