तीन मजली भांडं

मानवजातीचा इतिहास वाफेनं घडवला, असं सितारामचं ठाम मत होतं. पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांचे बॉयलर धुण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे वस्तीत हे मत कुणी खोडून काढत नसे. त्याच्या स्वतःच्या घरात वाफेनं आजवर एकच गोष्ट घडवली होती. भिंतीचा चुना पाडला होता.

आज तीच वाफ अंगणात, स्टोव्हवर, जांभळांचा रस काढत होती.

भांडं तीन मजली, ॲल्युमिनियमचं. बदलीवर जाताना एका साहेबाच्या बायकोनं सितारामच्या बायकोला, सत्यशीलेला, देऊन टाकलेलं. तळाला पाणी, सगळ्यात वर भोकाभोकांच्या टोपात जांभळं, मधल्या मजल्यावर रस. मधल्याला रबरी नळी, नळीचं तोंड बाटलीत. तळाच्या पाण्यात सितारामनं एक जुना पैसा टाकला होता. पाणी उकळतंय तोवर तो खडखडतो. गप्प झाला की समजायचं, पाणी संपलं, आता भांडं जळणार.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याचं रेडिओनं सांगितलं, तेव्हापासून गावात वस्तीला दळण बंद होतं, दुकान बंद होतं आणि दारच्या जांभळांना गिऱ्हाईक बंद होतं. काल सांजेला नदीपल्याडच्या गावावर धूर दिसला. सकाळी सगळी वस्ती पोराबाळांसकट चुडाव्याच्या स्टेशनावर गेली, पूर्णेची गाडी धरायला. सत्यशीला गेली नाही. पाटीभर जांभळं कुजायला टाकून जाणं तिच्या जिवावर आलं. आणि ती गेली नाही म्हणून सिताराम गेला नाही.

"एवढी बाटली भरली की निघू," ती सकाळपासून म्हणत होती.

दिवस मावळायला आला तेव्हा कुंपणापाशी आबासाहेब येऊन उभे राहिले. गावची निम्मी जमीन त्यांची. सोबत भावकीतले दोघे, लिंबाजी आणि मुंजाजी. लिंबाजीच्या हातात काठी होती, मुंजाजीच्या हातात डबा. रेशनच्या दुकानात महिन्याभरापासून रॉकेल नव्हतं. डबा काठोकाठ होता. मागं रस्त्यावर आणखी बरीच माणसं उभी होती.

कुंपण ओलांडून कुणी आत आलं नाही. पोरंसोरं सोडली तर त्या बाजूचं माणूस कधीच येत नसे.

"काय शिजायलंय रं, सिताराम?"

"रस हाय, आबासाहेब. जांभळाचा."

नळीतून लालकाळा थेंब बाटलीत पडला. तिघांनी तो पाहिला. मुंजाजीच्या मते ही हातभट्टी होती. लिंबाजीच्या मते बॉम्ब. आबासाहेबांच्या मते गावच्या विहिरीत टाकायचं औषध. एकमत एवढ्यावरच होतं की जे काही आहे ते याच घरात चाललंय.

"पिऊन बघा की," सत्यशीला म्हणाली. तिनं पेला भरला आणि पुढं धरला.

आबासाहेबांनी लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजीनं मुंजाजीकडं. मुंजाजीला बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यानं डब्याकडं पाहिलं. प्याल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि या घरचा पेला तोंडाला लावणार कोण, तेही एवढ्या माणसांदेखत?

शेवटी सत्यशीलेनंच पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला.

"त्यांना पचत असल," लिंबाजी म्हणाला. "सवय असती."

तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. गर्द जांभळी.

"बघा! इख हाय, इख!" मुंजाजी ओरडला.

"मुंजाजी," सिताराम हळू आवाजात म्हणाला, "ह्याच झाडावर चढून जांभळं खायचास तू. फांदी मोडून पडलास, तवा आमच्या मायनं हळद लावली तुला. तुजी जीभ अशीच झाल्ती."

मुंजाजीचं तोंड पडलं. "झाडाचं येगळं," तो म्हणाला. "झाडावरच्या फळाला तुमचा हात लागत न्हाई."

"वाफेला तरी कुटं लावलाय आमी हात?" सत्यशीला म्हणाली.

रस्त्यावर कुणीतरी हसलं. हसू एकाकडून दुसऱ्याकडं गेलं आणि आबासाहेबांपर्यंत आलं. तेही हसले. मग रस्त्याकडं वळून त्यांनी मोठ्यानं निकाल दिला:

"जांभळाचाच रस हाय. औषध न्हाई, बॉम्ब न्हाई. बरं झालं डोळ्यानं बघितलं. उगं कुणावर आळ नको."

माणसांनी माना हलवल्या. लिंबाजीनं काठी कुंपणाला टेकवली. सत्यशीलेनं पेला खाली ठेवला, बाटलीला बूच लावलं आणि पदरानं तोंड पुसलं.

कुणीच निघालं नाही.

स्टोव्ह फरफरत होता. पैसा मात्र गप्प झाला होता. भांड्यात पाणी घालायला हवं, हे सितारामला कळत होतं. तो जागचा हलला नाही.

आबासाहेबांनी मुंजाजीच्या डब्याकडं पाहिलं, मग लिंबाजीकडं. लिंबाजीनं एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि ओशाळून मान हलवली. रस्त्यावरही खिसे चाचपले गेले.

आबासाहेब कुंपणावरून जरा वाकले.

"सत्यशीलाबाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत तिला बाई त्यांनी आजच म्हटलं. "तेवढी काडीपेटी देता का? गडबडीत आमची घरीच ऱ्हायली."