एकोणतीसचा पाढा

"बाई, झोपायचं नाही. बोलत राहा," अग्निशमन दलाचा जवान फटीतून आत सरकत म्हणाला. गॅलरीचा स्लॅब माझ्या पायांवर कोसळला होता. तो कापून होईपर्यंत मी शुद्धीवर राहायला हवं होतं, आणि माझे डोळे तर मिटत चालले होते.

"बोलू काय?" माझ्या तोंडात धूळ होती.

"शेजारी सांगत होते, शाळेत शिकवायचात ना? मग मला पाढे विचारा."

"एकोणतीसचा म्हण."

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक शहाऐंशी..."

"सत्त्याऐंशी! पुन्हा पहिल्यापासून."

तो पुन्हा तिथेच चुकला. डोक्यावर कटर किंचाळत होता, हात हलवायलाही जागा नव्हती, पायांची जाणीव गेली होती. पण तो चुकला की मला राग यायचा आणि डोळे उघडायचे. हुशार आहे, मुद्दाम चुकतोय, असं मला वाटलं.

अखेर स्लॅब उचलला गेला. दलाच्याच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तो माझी नाडी धरून शेजारी बसला. "अजून झोपायचं नाही हं, बाई."

"मुद्दाम चुकत होतास ना रे?"

त्याने मान खाली घातली. गाडी चालवणारा जवान हसला. "कसलं मुद्दाम, बाई! शाळेपासून तिथेच अडकलाय तो."

मी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "इकडे बघ. तीस त्रिक किती?"

"नव्वद."

"त्यातून तीन काढ."

त्याने मोकळ्या हाताची तीन बोटं दुमडली. "सत्त्याऐंशी!"

"आता चोक."

एकोणतीस दाहे म्हणेपर्यंत दवाखाना आला होता.