मेंढरांमागची ट्रेडमिल

अर्धांगवायूनंतर मुंजाजीनं चालणं सोडलं होतं. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला तो म्हणायचा, "मशिनीवर काहून चालू? कुठं पोचायचं हाय?" मग लेकीनं, रागिणीनं, ट्रेडमिलला स्वतःच सेन्सर आणि स्पीकर जोडले. पाय मंदावले की मेंढरांच्या घंट्या लांब वाजायच्या. पाय उचलले की जवळ. आज डोळे मिटून तो चालत होता. हिंगोलीतली खोली त्याच्या गावचा, गोरेगावचा माळ झाली होती. एकाएकी तो थांबला. त्याच्याबरोबर पट्टाही थांबला. "थकला का, आबा?" "न्हाई. मागं मेंढी व्याली. कोकरू उचलून घ्यावं लागंल." तो किंचित वाकला. सरळ झाला तेव्हा वर्षभर लोंबकळलेला डावा हात छातीशी दुमडला होता, काही ओलं, ऊबदार धरल्यासारखा. "चल," तो म्हणाला, "कळप लांब जाऊन राहिला." तिनं पट्टा अगदी सावकाश सुरू केला; कोकराला हिसका बसू नये म्हणून.