कोळसा ठरेपर्यंत

मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूच्या शेगडीवरचं किमतीचं लेबल उन्हाने पांढरं पडलं होतं. शेगडी मात्र एकदाही पेटली नव्हती.

"लाकडी कोळसा पटकन तापतो, पण टिकत नाही. कोळशाच्या वड्या टिकतात, पण पेटताना रडवतात," नवरा तिला तिसऱ्या उन्हाळ्यातही तेच सांगत होता. "एकदा काय ते ठरू दे. तुझी आई नव्या घरी पहिल्यांदा येणार, साधं जेवण शोभतं का?"

तेवढ्यात आईचाच फोन आला. "ठरलं का जावईबापूंचं? घाई नाही गं. शेवटची दाढही काल काढली, आता मला दोन्ही कोळसे सारखेच."

या वेळी तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.



"आई, उद्याच ये. मऊ भात करते."