नाकाला आधी कळतं

"आज हवा इतकी स्वच्छ आहे, की एक दमडी येणार नाही," लॅपटॉपवरून मान न उचलता मुलगी म्हणाली.

आई डबा भरत होती. "लोकांचं स्वच्छ हवेशी काय वाकडं?"

"वाकडं नाही गं. स्वतःच्या छातीत खुपलं नाही, की दुसऱ्याची छाती आठवत नाही."

मुलगी एका क्राउडफंडिंग संस्थेत होती. गरजू रुग्णांसाठी ऑनलाइन आवाहनं टाकायची आणि कोण कधी मदत देतं ते अभ्यासायचं, हे तिचं काम. वर्षभराच्या आकड्यांतून तिने एक गोष्ट हुडकून काढली होती. शहरात धूर दाटला, की फुप्फुसाच्या रुग्णांना भराभर मदत येते. लहान लहान रकमा, बहुतेक निनावी. उद्या हे ती परिषदेत मांडणार होती. आई विजेच्या प्लांटवर शिफ्ट इंचार्ज. तिचं शेजारीपाजारी, प्लांटवर, भाजीवाल्याकडेसुद्धा सांगून झालं होतं.

"एवढी हवा करू नकोस माझी."

"माझी लेक आहे, करणार. तुला काय करायचंय?"

मुलगी हसली. "एकच कोडं राहिलंय. पैसे आधी येतात, प्रदूषण मोजणाऱ्या यंत्राचा आकडा नंतर चढतो. दर वेळी."

डब्याचं झाकण लावता लावता आई थांबली. "मग?"

"मग काय, यंत्राआधी माणसाच्या नाकाला कळतं. तसंच लिहिलंय."

"छान लिहिलंयस."

पडद्यावर एका ट्रकवाल्याच्या लहानग्या मुलीचा फोटो होता. उद्या तिच्या फुप्फुसाचं ऑपरेशन. संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर तारीख जाणार होती, आणि पुढच्या तारखेपर्यंत ती तग धरेल असं डॉक्टर म्हणत नव्हते.

"आणि आज मदत आली तर?" आईने विचारलं.

"स्वच्छ हवेत? मग माझा आलेख तोंडावर आपटेल." तिने पडद्यावरच्या फोटोकडे पाहिलं. "आपटू दे. पोरगी वाचू दे."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात टपली मारून म्हणाली, "शास्त्रज्ञ झालीस हो खरी." आणि डोळे भरून यायच्या आत घराबाहेर पडली.

कंट्रोल रूममध्ये शिरताच तिने सगळी शिफ्ट जवळ बोलावली. ट्रकवाल्याच्या मुलीचा फोटो दाखवला.

"मोबाईल काढा रे."

ऑपरेटरने समोरच्या पॅनेलकडे पाहिलं. सगळे दिवे हिरवे होते. "मॅडम, आज तर धुराचे फिल्टर चालू आहेत. वरून ते बंद करायला सांगतात तेव्हाच पैसे भरतो ना आपण? बटण दाबायच्या आधी?"

"हो," आई म्हणाली. "आज आगाऊ भरा."